शेकाचे पस्तीस दिवस



तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेत असलेले एक शेतकरी बांधव आमच्या चांगल्या परिचयाचे होते. डॉक्टरांनी त्यांना पस्तीस दिवसांचा शेक सांगितला होता. अठरा दिवस नीट पार पडले. गाठ बरीच बसली, पण तोंड आले आणि घास गिळवेना. त्यातच तुरीची कापणी आली. "आता बरं वाटतंय. शेत मोकळं करतो आणि मग राहिलेले दिवस पुरे करतो," असे म्हणून ते घरी आले. परत जायला पाच आठवडे लागले. तोवर गाठ पुन्हा उठली होती आणि मानेतही उतरली होती. पुढचा पावसाळा त्यांना दिसला नाही.

त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. ते कापणीला आले तेव्हा आम्हा सर्वांना आनंदच झाला होता. "परत जा, शेत आम्ही पाहतो," असे म्हणणारा आमच्यात एकही निघाला नाही, कारण शेक म्हणजे काय आणि तो मध्येच सोडला तर काय होते, हे आम्हालाच ठाऊक नव्हते. ते आपणा सर्वांना ठाऊक असावे, म्हणून हा पाठ.

शेक म्हणजे भाजणे नव्हे

गावात आपण 'शेक' म्हणतो, कोणी 'लाईट घेणे' म्हणतो, तर कोणी 'करंट देणे'. खरे पाहता यात शेकणेही नाही आणि विजेचा झटकाही नाही. शास्त्रीय नाव आहे किरणोपचार. रोगी टेबलावर स्वस्थ पडून राहतो, यंत्र त्याच्याभोवती फिरते आणि काही मिनिटांत काम संपते. त्या वेळी दुखत नाही व चटका बसत नाही. छातीचा फोटो काढताना जेवढे जाणवते तेवढेच येथे जाणवते.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. विल्हेल्म रोंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले. मेरी आणि पिएर क्यूरी या दांपत्याने १८९८ साली रेडियमचा शोध लावला. या किरणांनी गाठी विरघळतात हे डॉक्टरांच्या लवकरच ध्यानात आले. मात्र किरण किती द्यावेत, कोठे द्यावेत आणि आजूबाजूचे निरोगी अंग कसे वाचवावे, हे शिकण्यात पुढची शंभर वर्षे गेली.

कांद्याचा दाखला

किरण आत जाऊन काय करतात हे समजण्यासाठी आपण नाशिक जिल्ह्यातील लासलगावला जाऊ. तेथे भाभा अणुसंशोधन केंद्राने शेतमालावर किरण सोडण्याचे केंद्र उभारले. २००७ साली भारतातला आंबा अमेरिकेस गेला, तो याच केंद्रातून किरण घेऊन. तेथे कांद्यावरही किरण सोडतात. साठवणीत कांद्याला मोड फुटतात व माल वाया जातो, हे आपण सारे जाणतो. किरण दिलेल्या कांद्याला मोड येत नाहीत. कांदा शिजत नाही, त्याची चव जात नाही आणि खाणाऱ्यास काही बाधत नाही. फक्त आतला कोंब वाढायचा थांबतो.

असे का होते? कांद्याच्या मधल्या कोंबातील पेशी भराभर दुभंगून वाढणाऱ्या असतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी त्यांची रीत. किरणांचा सर्वांत मोठा घाव अशा वाढत्या पेशींच्या बीजावर बसतो. बीज तुटले की पेशीला दुभंगता येत नाही. बाहेरच्या पाकळ्यांतील पेशी स्वस्थ बसलेल्या असतात, त्यांचे फारसे बिघडत नाही.

कर्करोग म्हणजे असाच एक मोड होय. शरीराची शिस्त न मानणाऱ्या पेशी वाढत राहतात. किरण त्यांच्या बीजावर घाव घालतात आणि त्या पुढे वाढू शकत नाहीत.

किरणांच्या मात्रेला 'ग्रे' असे माप आहे. कांद्याचा मोड रोखण्यास ९० ग्रेपर्यंत मात्रा देतात, आणि तोंडाच्या किंवा घशाच्या गाठीला बहुधा ७० ग्रेपर्यंत. दोन्ही आकडे जवळजवळ आहेत. आपल्या वडोदऱ्यातच गाजरावाडी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने १९९० च्या दशकात सांडपाण्याच्या गाळावर किरण सोडण्याचे केंद्र चालू केले. गाळातील रोगजंतू मारून तो शेताला खत म्हणून वापरता यावा, हा त्याचा हेतू होता. जंतू चिवट असल्याने तेथे मात्रा हजारो ग्रेमध्ये मोजतात. कांदा, खत आणि कर्करोग या तिन्ही ठिकाणी कोबाल्ट-६० हा एकच पदार्थ कामास आला, हे ध्यानात घ्यावे.

रोज थोडा थोडा का?

कांद्याला सारी मात्रा एकदम देतात. माणसाला तसे करता येत नाही. सबंध शरीरावर एकदम ४ ते ५ ग्रे पडले, तर ते जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर दोन उपाय करतात. पहिला उपाय असा की, किरण फक्त गाठीवर आणि तिच्या आसपास नेमके धरतात. दुसरा असा की, ७० ग्रे एकदम न देता रोज २ ग्रे याप्रमाणे ३५ दिवसांत देतात. आठवड्यातून पाच दिवस धरले, तर सात आठवडे होतात.

निरोगी पेशी मोडल्या तर आपली डागडुजी रातोरात करू शकतात. कर्करोगाच्या पेशींना ती तितकी साधत नाही. रोजच्या घावात निरोगी अंग सावरते आणि रोगट अंग मागे पडत जाते. हा सारा हिशेब त्या अंतरावर उभा आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. तीन-चार आठवडे शेक झाला की उरलेल्या रोगट पेशी गप्प बसत नाहीत, त्या पूर्वीपेक्षा जोराने वाढू लागतात. हरळी अर्धी खणून शेत सोडून दिले तर काय होते, हे आपणास कोणी शिकवायला नको. महिन्याभरात ती पहिल्यापेक्षा दाट होऊन उभी राहते. तोंड, घसा व मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला की रोग ताब्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे डॉक्टरांचे अनुभवसिद्ध गणित आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतला व बाहेरचा सारा शेक आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा नियम पाळतात.

शनिवार-रविवारची सुटी या हिशेबात धरलेली असते. आपण घेतलेली सुटी त्यात धरलेली नसते. गाठ दिसेनाशी झाली म्हणजे रोग गेला असेही नव्हे. डोळ्याला न दिसणाऱ्या लाखो पेशी उरलेल्या असू शकतात आणि शेवटचे पंधरा दिवस त्यांच्यासाठीच असतात.

कोबाल्टपासून आजच्या यंत्रांपर्यंत

कोबाल्ट हा एक धातू आहे. अणुभट्टीत ठेवला की तो कोबाल्ट-६० होतो व किरण सोडू लागतो. आपल्या देशात तो राजस्थानातील रावतभाट्याच्या अणुभट्ट्यांत तयार होत आला आहे. कॅनडात १९५१ साली कोबाल्टच्या यंत्राने पहिल्या रोग्यांवर उपचार झाले. १९५७ साली असे यंत्र मद्रासच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये आले. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय त्याआधीच, १९४१ साली, परळला उघडले होते. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली आहे. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' नावाचे स्वदेशी कोबाल्ट यंत्र बनवले आणि पहिले यंत्र नवी मुंबईत खारघर येथे बसवले. परदेशी यंत्रापेक्षा ते स्वस्त आहे व विजेच्या लपंडावातही निभावते. व्हिएतनामसारख्या देशांना भारताने ते भेटही दिले.

कोबाल्टचा जोर सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. त्यामुळे जुन्या कोबाल्टवर तेवढ्याच मात्रेला अधिक मिनिटे लागतात. शेजारच्याला दोन मिनिटे आणि आपल्याला चार मिनिटे ठेवले, म्हणून मनात किंतु आणू नये.

दुसरे यंत्र लिनियर ॲक्सिलरेटर, म्हणजे लोकांच्या बोलण्यातले 'लिनॅक'. यात किरणोत्सारी पदार्थ मुळीच नसतो. विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन धातूच्या पट्टीवर आदळवतात व त्यातून जोरकस क्ष-किरण निघतात. बटण बंद केले की किरण बंद होतात. यंत्राच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. त्या मागेपुढे सरकून किरणांच्या झोताला गाठीचा नेमका आकार देतात. पाटाचे पाणी सबंध रानात सोडण्याऐवजी ठिबकने झाडाच्या मुळाशी द्यावे, तसे हे आहे. त्यामुळे लाळेच्या ग्रंथी, डोळे व मणक्यातील रज्जू वाचवता येतात. आज स्तनाच्या कर्करोगात पुष्कळ जणींचा शेक तीन आठवड्यांत संपतो, आणि हाडातील दुखण्यावर कित्येकदा एकाच दिवसाचा शेक पुरतो. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन किरणांचे उपचारही सुरू झाले आहेत. ते थोड्या निवडक रोग्यांसाठी, विशेषतः लहान मुलांसाठी, उपयोगी पडतात.

नवे यंत्र चांगले म्हणून जुने वाया गेले असे मात्र समजू नये. आपल्या गाठीला कोणते यंत्र योग्य हे डॉक्टरांना विचारावे. दूरच्या मोठ्या यंत्राची वाट पाहत दोन महिने घालवण्यापेक्षा जवळच्या यंत्रावर वेळेत आणि पूर्ण घेतलेला शेक पुष्कळदा हिताचा ठरतो.

गर्भाशयमुखाच्या रोगात बाहेरच्या शेकानंतर 'आतला शेक' देतात. बारीक नळ्या आत बसवून त्यांतून इरिडियमचा लहानसा कण काही मिनिटे गाठीजवळ नेतात व पुन्हा यंत्रात ओढून घेतात. हा भाग वगळला तर उपचार अपुरा राहतो. संकोच वाटणे साहजिक आहे. घरच्या वडील बाईने किंवा सिस्टरांनी सोबत जावे, म्हणजे धीर येतो.

शेकाच्या जोडीचे उपचार

कर्करोगावर मुख्य उपाय तीन : शस्त्रक्रिया, शेक आणि औषधे. गाठ लहान असेल तर कधी एकाच उपायाने भागते, वाढलेली असेल तर दोन किंवा तीन जोडावे लागतात. शेक चालू असताना आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिनची सुई देतात, ती पेशींना शेकापुढे दुबळे करण्यासाठी. स्तनाच्या काही गाठींत शस्त्रक्रियेनंतर हार्मोनविरोधी गोळी वर्षानुवर्षे घ्यायची असते. बरे वाटले तरी ती सोडू नये. रक्ताच्या एका कर्करोगात २००१ पासून इमॅटिनिबच्या गोळीने कित्येकांना नेहमीचे आयुष्य मिळाले. मुंबईची आय.आय.टी. आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रोग्याच्याच रक्तातील पेशींना शिकवून रोगावर सोडण्याची पद्धत तयार केली. तिला २०२३ साली मान्यता मिळाली. रक्ताच्या काही ठराविक कर्करोगांसाठीच ती आहे.

लोक विचारतात

*शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडतात का?* नाही. बाहेरून दिलेला शेक यंत्र थांबताच संपतो. रोग्याने नातवंडाला मांडीवर घ्यावे, सर्वांबरोबर जेवावे. त्याचे ताट वेगळे करू नये. थायरॉइडच्या रोगासाठी किरणोत्सारी आयोडीन पाजतात, तेवढ्यापुरती गोष्ट निराळी. त्या रोग्याला काही दिवस वेगळे राहावे लागते आणि डॉक्टर तसे सांगतात.

*कर्करोग लागट आहे का?* नाही. रोग्याजवळ बसल्याने तो होत नाही.

*सुईने तुकडा काढला की रोग पसरतो, हे खरे का?* नाही. तुकडा तपासल्याखेरीज रोग कोणता हे कळत नाही आणि उपचारही ठरत नाही. ही भीती बाळगून कित्येकांनी महत्त्वाचे महिने गमावले आहेत.

*शेक म्हणजे शेवटचा उपाय, नाही का?* हाही गैरसमज आहे. पुष्कळ रोगी शेकाने पूर्ण बरे होतात. रोग फार पुढे गेलेला असेल तेव्हा दुखणे व रक्तस्राव थांबवण्यासाठीही तो देतात. तेव्हाही तो वाया जात नाही.

शेक चालू असताना घ्यावयाची काळजी

१. तोंडाच्या किंवा घशाच्या शेकापूर्वी दात तपासून घ्यावेत. काढायचे दात आधीच काढावेत. शेकानंतर दात काढला तर जबड्याचे हाड बिघडण्याची भीती असते. पुढेही दात काढण्यापूर्वी शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

२. कोमट पाण्यात मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून पुष्कळदा गुळण्या कराव्यात. तिखट, आंबट व कढत पदार्थ वर्ज्य करावेत.

३. शेकाच्या जागी साबण घासू नये. तेल, हळद, मलम किंवा झाडपाल्याचा लेप विचारल्याशिवाय लावू नये. सैल सुती कपडे घालावेत. उन्हात जाताना जागा झाकावी. कातडीवर काढलेल्या खुणा पुसू नयेत.

४. वजन टिकवावे. दूध, दही, डाळ, अंडे, मऊ खिचडी, जे गिळवेल ते थोडे थोडे घ्यावे. वजन उतरले तर चेहऱ्याचा साचा सैल होतो व नेम चुकतो. गिळता येत नसेल तर नाकातून नळी घालून घ्यावी. नळी म्हणजे शेवट जवळ आला असे नव्हे. ती घातल्याने उपचार खंडित होत नाही.

५. तंबाखू, विडी, मावा, गुटखा व दारू पूर्ण बंद करावी. विडी चालू ठेवली तर शेकाचा गुण कमी येतो.

६. रक्त कमी असेल तर तेही शेकाला बाधते. डॉक्टर सांगतील तशी तपासणी करावी.

७. पोटाच्या शेकात जुलाब होतात. मीठ-साखरेचे पाणी घ्यावे आणि लगेच कळवावे.

तोंड येणे, कातडी काळवंडणे व थकवा हे त्रास बहुतेकांना होतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते वाढतात आणि शेक संपल्यावर काही आठवड्यांत उतरतात. त्यांवर औषधे आहेत. त्रास वाढला तर घरी पळून न येता डॉक्टरांकडे जावे.

शेताचे काय?

उपचार मध्येच सुटतात त्यामागे नेहमी अज्ञान नसते. बहुधा शेत, गुरे आणि पैसा आड येतो. यावर विचार आधीच व्हावा.

शेक ठरला त्याच दिवशी दिनदर्शिका काढून सात आठवड्यांवर खूण करावी. त्या काळात कोणते काम येते? तुरीची कापणी, कापसाची वेचणी, भाजीचा तोडा की पाण्याची पाळी? प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावे. आपल्याकडे सावडीची जुनी पद्धत आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. पेरणीला सावड करतो तशी आजारपणाला का करू नये? रविवारी मिस्सानंतर चार घरे एकत्र बसली, तर एका घराचे सात आठवडे सहज वाटून घेता येतात. एकाने म्हैस पाहावी, एकाने पाणी धरावे, एकाने रोग्याबरोबर जावे. भेटीला जाताना फळे नेतो, त्याऐवजी दिवसभराचे काम अंगावर घेतले तर रोग्याला अधिक उपयोग होईल.

तपासणीची सुरुवात वडोदऱ्याच्या सयाजी रुग्णालयात करता येते. आपल्या जिल्ह्यातच वाघोडिया तालुक्यात गोरज येथे अनुबेन ठक्कर यांनी उभारलेल्या मुनी सेवा आश्रमाचे कैलास कॅन्सर हॉस्पिटल आहे. अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिल आवारात १९७२ साली स्थापन झालेली गुजरात कॅन्सर संस्था आहे. आयुष्मान कार्ड असेल तर ते पहिल्या दिवशीच दाखवावे. रोज जाणे झेपत नसेल, तर नातेवाइकांना राहण्याची सोय कोठे आहे तेही तेव्हाच विचारावे. जमीन गहाण टाकण्यापूर्वी या चौकशा कराव्यात.

लवकर ओळखले तर

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून टाटा मेमोरियलच्या साहाय्याने खेड्यांतील कर्करोगाची नोंद सुरू झाली. तिथल्याच कामातून शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार शेतकरी-मजूर स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच झाली, तरी त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. मुंबईच्या वस्त्यांत शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी सिरक्यातील आम्ल लावून साधी तपासणी केली, तेथेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पुण्याच्या सीरम संस्थेने या विषाणूवरची स्वदेशी लस २०२३ साली बाजारात आणली. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती सर्वांत गुणकारी ठरते.

महीपलीकडच्या चरोतरात तंबाखू पिकते आणि आपल्याकडे ती पुष्कळ घरांत खाल्ली जाते. म्हणून पुढील खुणा घरातल्या सर्वांना ठाऊक असाव्यात : तोंडातील जखम तीन आठवड्यांत भरत नाही, तोंडात पांढरा वा लाल चट्टा आहे, तोंड पूर्वीसारखे उघडत नाही, आवाज बसून राहिला आहे, स्तनात गाठ लागते, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाते. यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी हंगाम संपण्याची वाट न पाहता दाखवून यावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही.

ध्यानात ठेवावे

शेकाने रोगी भाजत नाही व कोणाला बाधत नाही. त्याचे दिवस मोजून ठरवलेले असतात आणि त्यांतला शेवटचा दिवसही पहिल्याइतकाच मोलाचा असतो. बरे वाटू लागले म्हणून किंवा त्रास झाला म्हणून तो सोडू नये. आपल्यापैकी कोणाचा शेक चालू असेल आणि तो मध्येच शेतात दिसला, तर आपण त्याच्या हातातला विळा घ्यावा व त्याला गाडीत बसवून द्यावे. आम्ही एकदा तसे केले नाही. ती चूक आपल्या गावात पुन्हा होऊ नये.